सतरावी कुंडी

पैज लावून सांगतो अनंतराव, हे तुम्हाला पटणार नाही. कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्यांत मी आयुष्यात कधी उतरलो नाही. एकदाही नाही. हसा, जावईबापू, हसा. तुम्ही नेपानगरला कागदाच्या कारखान्यात तुमच्या पाळीतल्या लोकांना सांगून बसलात की आमचे सासरे जमिनीखालून शंभर कुंड्या चालून गेले, पाण्यात जळणारा बादशाही दिवा त्यांनी पाहिला, पांढरे आंधळे मासे त्यांच्या अंगठ्याला लुचले. या बुऱ्हाणपुरानं ते सगळं चाळीस वर्षं गिळलं. बुधवाऱ्यातल्या कापडवाल्यांनी गिळलं, राजपुऱ्यातल्या या ओट्यावर बसून गेलेल्या प्रत्येकानं गिळलं, एका हेडमास्तरानं तर शाळेच्या स्नेहसंमेलनात मला हार घालून गिळलं. मासे पटले, दिवा पटला. आज म्हटलं एकदा खरं सांगून टाकावं, तर तुम्ही चहाची बशी खाली ठेवून माझ्याकडे असं बघताय की म्हातारा आता नवीन काय काढतोय. बघा. आत सुपाचा आवाज येतोय ना, तुमच्या सासूबाई तांदूळ पाखडतायत. तिला ऐकू गेलं तर जाऊ दे. तिच्या एका प्रश्नामुळेच सगळं झालं होतं.

सुरुवात झाली ती शाईच्या एका ठिपक्यापासून. छप्पन साल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. आमचं राज्य बदललं होतं. म्हणजे मी तोच, टेबल तेच, टेबलाचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली घातलेली विटकर तीच, पण महिन्याच्या शेवटच्या तारखेला आम्ही नागपूरचे होतो आणि पहिल्या तारखेला भोपाळचे झालो. कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? जुन्या मथळ्याचे कागद संपेपर्यंत त्यावर रेघ मारून वर नवं नाव लिहायचं, एवढंच काय ते माझ्या हातात होतं. तर पाणीखात्यात बसून मी अशीच रेघ मारत होतो आणि शिपाई भाईदास समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘‘बाबूजी, नवे साब याद करतायत. कुंडीत उतरायचंय म्हणे, अंदरसे सगळी पाहणी करणार. कुणाला तरी सोबत न्यायचं, तर सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं.’’ आणि हसला. त्याला अभिमान वाटत होता. माझा टाक कागदावर टेकलेला होता, तो तसाच टेकलेला राहिला, आणि त्याच्या टोकाखाली एक निळा ठिपका उमटून हळूहळू पसरायला लागला. मी तो बघत राहिलो. हरभऱ्याएवढा झाला, मग बोराएवढा. मला टाक उचलता येत नव्हता. हात नुसता माझा राहिला नव्हता. भाईदास म्हणाला, ‘‘बाबूजी, कागद खराब झाला.’’ मी म्हणालो, ‘‘होऊ दे, जुनाच आहे.’’

आता तुम्ही कुंड्या वरून पाहिल्यात. सातपुड्याच्या पायथ्याकडून लालबागेच्या अंगाला, रानातून एका ओळीत विहिरीची तोंडं, वीस-पंचवीस पावलांवर एकेक. खाली, सात-आठ पुरुष खोल, त्या सगळ्या एकमेकींना आतून जोडलेल्या, एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेनं डोंगराचं पाणी शहराकडे चालत येतं. त्या वाटेचा नकाशा आमच्या खात्यात नव्हता. तो भिकनच्या डोक्यात होता. भिकन म्हणजे कुंड्या साफ करणारा मेट, काळा, बुटका, बोलायला लागला की थांबत नसे. संध्याकाळी हजेरी लावायला यायचा आणि माझ्या टेबलाच्या कडेला उकिडवा बसून आज खाली काय पाहिलं ते सांगायचा. मी ऐकायचो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तेच सांगायचो. फक्त नाव बदलायचो. भिकनच्या जागी मी. पहिल्यांदा चुकून झालं असेल. मग लोक बाक सोडून मला जागा द्यायला लागले. मासे मी घातले, दिवा मी घातला, पण अंधार भिकनचा होता, पाण्याचा गारवा भिकनचा होता. आणि त्याच वर्षी वैशाखात तापानं भिकन गेला. म्हणजे साहेबांनी विचारलं तेव्हा खालचं जाणणारा सबंध शहरात एकच माणूस उरला होता, आणि त्याला काहीही ठाऊक नव्हतं.

सरळ सांगून मोकळं व्हायचं होतं, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं. साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत तेच घोळवत गेलो. पण माझे सासरे, म्हणजे कोकिळेचे वडील लीलाधर पाटील, तापीकाठचे केळीवाले, त्यांनी मुलगी दिली ती या गोष्टीवर. बघायला आले तेव्हा माझ्या पगाराचं विचारलं नाही, कुळाचं वरवर विचारलं, आणि मग म्हणाले, जमिनीच्या पोटात एकटा चालून आलेला माणूस आहे, आमची पोरगी याच्या घरात कशाला भिईल? तेही सोडा. लग्नानंतर आठवडाभरानं कोकिळेनं मला विचारलं, पितळी घासत होती, वर न बघता विचारलं, ‘‘खाली अंधारात भीती नाही वाटली तुम्हाला?’’ मी म्हणालो, ‘‘नाही.’’ एवढंच. मासे नाहीत, दिवा नाही, सगळ्या थापांमधली ही सगळ्यात लहान थाप, एका शब्दाची. तिनं मान हलवली आणि पुन्हा घासायला लागली. त्यानंतर घरात साप निघाला, तापीचं पाणी वाढलं, तुमची शोभा पोटात असताना तिचं अंग सुजलं, प्रत्येक वेळी ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. आणि माझं तोंड बघून शांत व्हायची. साहेबांच्या दारात हे सगळं आठवलं. आत गेलो. ते म्हणाले, ‘‘दिगंबरजी, आप तो सब देखे हुए हैं।’’ मी म्हणालो, ‘‘जी.’’ तीन आठवडे ते दौऱ्यावर जाणार होते. परत आल्यावर उतरायचं. पहिल्या कुंडीतून खाली, एकविसावीतून वर.

आणि मी कसला माणूस, तर संडासाची कडी न लावता खोकत बसणारा. सात वर्षांचा असताना मामाच्या गावी मला पेवात उतरवलं होतं, तळाचे जोंधळे खरवडून काढायला, मी अंगानं लहान म्हणून. पेव म्हणजे जमिनीतला धान्याचा खड्डा, तोंड परातीएवढं, आत खोलीएवढा. कंदील बरोबर दिला होता, तो विझला. वर मामाला कुणी हाक मारली आणि तो दोन पावलं बाजूला गेला. दोनच पावलं, एक विडी ओढण्याइतका वेळ. पण वरचा प्रकाशाचा गोल मधेच कुणाच्या तरी पायानं झाकला, आणि मला ओरडायचं होतं तर तोंडात जोंधळ्याची धूळ, जीभ टाळूला चिकटलेली, पिठूळ, गोडसर, कुबट. आवाज निघेना. मी खाली बसलो. बसल्यावर पाय कुठे गेले कळेना. मला वर काढलं तेव्हा मामा हसत होता, मीही हसलो म्हणे. ती चव मात्र गेली नाही. अजूनही पावसाळी हवेत, भाकरीच्या पिठाचा डबा उघडला की, मी ओट्यावर येऊन बसतो. कोकिळेला वाटतं मला वाऱ्यात बसायला आवडतं.

तर तयारी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी भिकनच्या घरी गेलो. त्याची बायको भागाबाई अंगण झाडत होती. तिला सांगितलं, खरं तेच सांगितलं, कारण तिच्यापाशी खोटं चाललंच नसतं. चोरी तिच्याच घरातली. तिनं झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, ‘‘म्हंजे ते दिवे न् मासे तूच घातले का रे भाऊ? त्यो म्हणे, माझ्या कुंडीत मासे कोणं सोडले?’’ आणि हसली, पदर तोंडाला लावून डोळे पुसेपर्यंत हसली. मग आत गेली आणि घरातली असतील-नसतील ती भांडी घेऊन आली. तांबे, वाट्या, एक फुटका माठ, शेजारणीकडचे दोन गडवे. अंगणात एका ओळीत एकवीस भांडी मांडली. बाईमाणूस, आयुष्यात खाली उतरली नाही, पण नवरा रोज जेवताना सांगायचा आणि ही भाकरी थापताना ऐकायची, त्यामुळे सगळी वाट तिला पाठ होती. ‘‘ही पहिली. पाणी घोट्याले. चार वलांडल्यावर उजव्या अंगाले भिंतीतून पाणी झिरपतं, तठी हात लावून घे, गार लागला म्हंजे पाचवी. नव्वीले वरून उजेड पडतो, तठी दम घे. बाराव्वीले पायाखाली वाळू.’’ आणि माठापाशी आल्यावर ती थांबली. ‘‘ही सतराव्वी. पाण्यातला चुना साचून इथं वाट अरुंद झाली. छत खाली येतं, मान नाही, कंबर वाकवा लागते, अन् पाणी छातीले. त्यो म्हणे, सतराव्वीले थांबायचं नाही. थांबला माणूस की त्यो बसतो. अन् बसला की त्याले उठवाले दुसरा माणूस लागतो.’’

रोज पहाटे मी त्या भांड्यांच्या बाजूनं चालायचो. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग भागाबाईच्या घोंगडीत डोकं गुंडाळून. दिवसा ऑफिसच्या वाटेनं सायकल वाकडी घालून रानात जायचो आणि वरून एकेका कुंडीच्या तोंडाला कान लावायचो. प्रत्येकीचा आवाज निराळा. पहिलीचा बोलका, नववीचा पोकळ, सतरावीचा जवळजवळ नाहीच, कुणी तोंडावर हात ठेवून बोलावं तसा. संध्याकाळी घरी बाजेखाली शिरून, वरून गोधडी सोडून, शंभर श्वास मोजायचो. पहिल्या दिवशी अकरा झाले आणि मी बाज डोक्यावर घेऊनच बाहेर आलो. कोकिळेनं विचारलं, ‘‘काय हरवलं?’’ मी म्हणालो, ‘‘कंबरेसाठी वैद्यानं सांगितलंय.’’ ती म्हणाली, ‘‘कंबरेसाठी बाजेखाली?’’ आणि आत गेली. दुसऱ्या आठवड्यात शंभर झाले. रिकाम्या कणगीत बसून दोनशे झाले. स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत मी कंबरेत वाकून चालायचो आणि मनात मोजायचो. शोभा तेव्हा दीड वर्षांची, ती माझ्या मागे तशीच वाकून चालायची.

आणि अनंतराव, इथे मी थाप मारत नाही, काहीतरी खरोखर झालं. भीती कमी झाली नाही. तिचे तुकडे पडले, आणि एकेका तुकड्याला नंबर मिळाला. पूर्वी तो एकच काळा गोळा होता, तोंड परातीएवढं आणि आत सगळं. आता पाचवीची भीती गार होती, नववीची उजेडाची, बारावीची वाळूची. प्रत्येकीला हात लावता येत होता. ऑफिसात रेघा मारतानाही मी आतून चालत असायचो, आणि हात कसा स्थिर, की हेडक्लार्क म्हणाले, दिगंबर, अक्षर सुधारलं तुझं. बाहेर माझं काहीच चालत नव्हतं. कुणाची बदली कुठे होणार, कुठल्या भाषेत अर्ज लिहायचा, कोण विदर्भाकडे जाणार, कोण इकडे राहणार, सगळं दूर कुठेतरी ठरत होतं आणि आम्ही टपरीवर वर्तमानपत्र हातोहात फिरवत नुसते बसायचो. पण जमिनीखालची ती एकवीस भांड्यांची वाट माझी होती. तिच्यात मी निवांत होतो. शेवटच्या दिवशी भागाबाईनं माझ्या डोळ्यांवर घोंगडी टाकली, मला तीनदा गोल फिरवलं आणि सोडून दिलं. मी चाललो, एकही भांडं न लवंडता. माठापाशी कंबर वाकवली, थांबलो नाही, पुढं गेलो.  घोंगडी काढली तेव्हा तिचे डोळे ओले होते. भिकनसारखाच चालतोस, एवढं म्हणाली आणि भांडी गोळा करायला लागली.

मग तो दिवस. मार्गशीर्षातली सकाळ, गवतावर दव. पहिल्या कुंडीवर रहाट बसवलेला, दोराला बसायची लाकडी पाटली, दोन गडी दोर धरून. भाईदासनं साहेबांसाठी स्टूल आणलं होतं. मी धोतर गुडघ्यावर खोचून, कंदील हातात घेऊन उभा. कोकिळेनं सकाळी दही हातावर दिलं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, आणि पहिल्यांदा त्या तोंडावर जे होतं ते खरं होतं. मला उतरायची घाई झाली होती, अनंतराव. आयुष्यात पहिल्यांदा मी तयार होतो.

आणि साहेब कठड्याशी गेले. वाकून आत बघितलं. त्यांची मान तशीच राहिली. तळव्यांना घाम आला, दोर धरायला गेलेला हात मधेच थांबला, खालून पाण्याचा तो तोंडावर हात ठेवल्यासारखा आवाज आला आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली, पिठूळ, गोडसर. पाय आहेत की नाहीत कळेना. आपण ओरडतोय असं त्यांना वाटलं, पण आवाज काही निघाला नाही. बिचारा माणूस. मला त्याची इतकी दया आली. मग ते मागे सरकले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘दिगंबरजी, उतरने की क्या ज़रूरत है। आप यहीं बैठकर लिख दीजिए।’’ आणि संपलं! मी स्टुलावर बसलो आणि भागाबाईच्या भांड्यांचा अहवाल लिहिला. पाणी घोट्याला, पाचवीला झिरपा, सतरावीला चुना. साहेबांनी सही केली. कंदील तसाच जळत होता, मी तो फुंकून विझवला. तीन आठवडे जमवलेली सगळी शांतता अंगात घेऊन सायकलवरून घरी आलो, आणि ती कुठे ठेवायची ते मला आजवर कळलेलं नाही. लोकांना पुढं मासेच सांगत राहिलो. काय करणार? ‘उतरायला तयार होतो’ ही काय सांगायची गोष्ट आहे?

काय म्हणता? साहेबाच्या जिभेची चव मला कशी कळली? अहो, जावईबापू, तोंडावरून कळतं माणसाचं. चाळीस वर्षं गोष्टी सांगतोय, एवढं कळणार नाही का मला? चहा घ्या, निवला. सुपाचा आवाज थांबला वाटतं. कोकिळे, झाले का ग तांदूळ? अशी दारात का उभी राहिलीस? ये, बस. जावयांना खरी गोष्ट सांगत होतो. त्या वेळच्या साहेबांना काय भीती वाटली ते. मी उतरलोच नव्हतो, हे तुला आज कळतंय, नाही?

‘‘साहेबांचं मला ठाऊक नाही,’’ ती म्हणाली. सूप तसंच कमरेला लावलेलं. ‘‘ते भ्याले असतील, नसतील. पण त्या दिवशीचे कपडे मी धुतले. स्टुलावर बसून लिहिणाऱ्याचा सदरा छातीपर्यंत भिजत नाही. आणि चुना सदऱ्याच्या पाठीवर होता, खांद्यापासून कंबरेपर्यंत, भिंतीला टेकून कुणी बराच वेळ बसावं तसा. तीन धुण्यांत निघाला नाही, मग मी त्या सदऱ्याचं पोतेरं केलं. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण अजून दुपारी डोळा लागला की तुम्ही मोजता. एक, दोन, तीन. हळूहळू, पाय टाकत मोजल्यासारखं. आणि सतराला थांबता. मग श्वास अडकतो, मग मी तुम्हाला हलवते. चाळीस वर्षं हलवतेय. खोटं बोलताय तुम्ही, साफ खोटं. उतरला होतात. सोळा कुंड्या एकटे चालून गेलात, ते का लपवता?’’